पंगतीतून उठवलेली माणसं

२९ डिसेंबर १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘ॲनिमल फार्म’ हा कार्टूनपट पहिल्यांदा झळकला. त्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी, २ फेब्रुवारी १९५५ ला, नवी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात एका करारावर सह्या झाल्या. दुर्ग जिल्ह्यातल्या भिलाई गावाजवळ वर्षाला दहा लाख टन पोलाद काढणारा कारखाना रशियाच्या मदतीनं उभा करायचा, असा तो करार. भिलाई तेव्हा हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरचं, भातशेतीच्या मुलखातलं एक खेडं होतं. राज्य मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर, त्यामुळे भिलाईचं सरकारदरबारचं सगळं काम नागपुरातच चालायचं.

वरवर पाहता या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ज्या कादंबरीवरून तो कार्टूनपट काढला, तिच्यात मालकाला हाकलून दिल्यावर जनावरं पोटाला चिमटा काढून एक पवनचक्की बांधतात. वीज येईल, गोठ्यात दिवा लागेल, थंडीत ऊब मिळेल, आठवड्यातून तीनच दिवस राबावं लागेल, असं त्यांना सांगितलेलं असतं. कादंबरीकार जॉर्ज ऑर्वेलच्या मनातली ही पवनचक्की म्हणजे सोव्हिएत पंचवार्षिक योजना, त्यांतली धरणं, वीजघरं आणि पोलादाच्या भट्ट्या. न्यूयॉर्कच्या पडद्यावर ती पवनचक्की कोसळत होती, आणि इकडे नेहरूंचं सरकार तीच छत्तीसगडात बांधायला घेत होतं.

कार्टूनपट काढायला पैसा पुरवला होता अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं. कादंबरीचा शेवटही बदलला होता. कुणी बदलला, का बदलला आणि त्या बदलानं काय निसटलं, हे भिलाईच्या अंगानं पाहिलं की गोष्ट निराळीच दिसते.

ऑर्वेलचा जन्म १९०३ चा, बिहारातल्या मोतिहारीचा. वडील सरकारी अफू खात्यात. पण या गोष्टीच्या दृष्टीनं त्याचा हिंदुस्थानशी महत्त्वाचा संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धात. ऑगस्ट १९४१ मध्ये तो बीबीसीच्या पूर्वेकडच्या विभागात नोकरीला लागला. ब्रिटिशांची बाजू हिंदुस्थानी श्रोत्यांच्या गळी उतरवायची, हे त्याचं काम. साप्ताहिक बातमीपत्रांचा मजकूर तो इंग्रजीत लिहायचा आणि मग त्याचा गुजराती, बंगाली, तमिळ आणि मराठी अनुवाद होऊन तो इकडे प्रसारित व्हायचा. युद्धाच्या त्या वर्षांत ज्या थोड्या मराठी घरांत रेडिओ होता, तिथे ऑर्वेलचा मजकूर मराठीतून ऐकला गेला आणि मूळ लिहिणारा कोण, हे कुणाला कळलंही नाही.

त्या विभागात त्याच्यासोबत काम करणाऱ्यांत शिरोळच्या वेणू चितळे होत्या. कोल्हापूरकडची ही मुलगी तिशीच्या दशकात इंग्लंडला गेली, बीबीसीत लागली आणि पुढे मुंबईत १९५० साली तिची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी आली. १९४२ चा एक फोटो आहे, ‘व्हॉइस’ नावाच्या काव्यविषयक कार्यक्रमाच्या वेळचा. स्टुडिओत मंडळी टेबलाशी बसली आहेत. एका टोकाला वेणू चितळे, मग श्रीलंकेचे कवी तांबिमुत्तू, मग टी. एस. एलियट. पलीकडे मुल्कराज आनंद. आणि सगळ्यांच्या मागे उंच, काडीसारखा ऑर्वेल उभा. या फोटोतला एलियट लक्षात ठेवायचा. दीड वर्षानं ‘ॲनिमल फार्म’चं हस्तलिखित फेबर प्रकाशनाचा संचालक म्हणून त्याच्याच टेबलावर येणार होतं.

प्रचाराच्या कामाला कंटाळून ऑर्वेलनं नोव्हेंबर १९४३ मध्ये बीबीसी सोडली आणि लगेच हे छोटं पुस्तक लिहायला घेतलं. तीनेक महिन्यांत ते पुरं झालं. त्यातलं स्क्वीलर नावाचं डुक्कर, शेपटी हलवत काळ्याचं पांढरं करून सांगणारं, कुठून आलं असेल याचा फार शोध घ्यायला नको. दोन वर्षं सरकारी बाजू मांडण्याची नोकरी केलेल्या माणसाला ते घरबसल्या सापडलं असणार, असं मला वाटतं.

पुस्तक छापायला मात्र कुणी तयार होईना. हिटलरशी लढाईचा खरा भार रशिया उचलत होता. अशा वेळी स्टालिनची टिंगल नको, असं लंडनमध्ये वातावरण. व्हिक्टर गोलांझनं नाही म्हटलं. जोनाथन केपनं आधी होकार दिला, मग माहिती मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याचा सल्ला घेतला आणि कच खाल्ली. तो अधिकारी म्हणजे व्हिएन्नाहून आलेला पीटर स्मॉलेट. तो सोव्हिएत हेर होता, हे पुढे कित्येक वर्षांनी बाहेर आलं. एलियटनं जुलै १९४४ मध्ये सभ्य भाषेत पुस्तक परत पाठवलं. त्याचं म्हणणं असं की शेत चालवायला सगळ्यांत हुशार डुकरंच, तेव्हा साम्यवाद वाढवण्यापेक्षा लोकहिताची चाड असलेली डुकरं वाढवावीत. अखेर सेकर अँड वॉरबर्गनं १७ ऑगस्ट १९४५ ला पुस्तक काढलं. तोवर युद्ध संपलं होतं आणि दोस्तांची दोस्तीही संपत आली होती.

आता शेवटाकडे येऊ, कारण सगळा खेळ त्याचा आहे.

कादंबरीच्या अखेरच्या प्रसंगात, शेताची सत्ता बळकावलेल्या डुकरांनी शेजारच्या शेतमालकांना घरी जेवायला बोलावलेलं आहे. पिल्किंग्टन आणि त्याच्या जोडीदारांची पंगत डुकरांबरोबर बसली आहे. बिअर आहे, पत्ते आहेत, एकमेकांच्या कौतुकाची भाषणं आहेत. पिल्किंग्टन यजमानांची खास तारीफ करतो ती कशाबद्दल, तर इथली जनावरं आजूबाजूच्या कुठल्याही शेतापेक्षा जास्त राबतात आणि कमी खातात याबद्दल. डुकरांचा पुढारी नेपोलियन, म्हणजे स्टालिन, जाहीर करतो की शेताचं जुनं नाव परत ठेवलं आहे. मग पत्त्यांवरून भांडण जुंपतं. बाहेर खिडकीशी म्हातारी घोडी क्लोव्हर आणि बाकीची जनावरं उभी आहेत. आतल्या तोंडांकडे पाहता पाहता त्यांना माणूस कोण आणि डुक्कर कोण हे ओळखता येईनासं होतं. कादंबरी तिथे संपते. दुसरं बंड नाही, सुटका नाही.

या पंगतीचा अर्थ ऑर्वेलनं स्वतःच सांगून ठेवला आहे. १९४७ मध्ये युक्रेनियन भाषांतर निघालं. जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत अडकलेल्या युक्रेनियनांसाठी ते होतं, आणि त्यासाठी त्यानं खास प्रस्तावना लिहिली. डुकरं आणि माणसं यांची गट्टी जमली असा शेवट मला म्हणायचा नव्हता, असं त्यानं त्यात स्पष्ट केलं. पुस्तक तेहरान परिषदेच्या लगोलग लिहिलेलं, आणि रूझवेल्ट, चर्चिल, स्टालिन यांचं आता छान जमलं असं सगळे धरून चालले होते, त्याला मात्र ते फार टिकेल असं वाटत नव्हतं. म्हणजे पंगतीत बसलेली माणसं लंडनची आणि वॉशिंग्टनची होती. पुस्तकातला राग डुकरांवर आहेच, पण त्यांच्याशी पेला टेकवणाऱ्या शेजाऱ्यांवरही तेवढाच आहे. याच युक्रेनियन आवृत्तीच्या शेकडो प्रती जर्मनीतल्या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त करून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. शेवटचा प्रसंग इतक्या लवकर आणि इतक्या तंतोतंत खरा झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

ऑर्वेल २१ जानेवारी १९५० ला क्षयानं गेला. तोवर वारं पूर्ण फिरलं होतं. ज्या सरकारांना १९४४ साली हे पुस्तक नकोसं होतं, त्यांनाच ते आता हवंहवंसं झालं. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या गुप्त प्रचार शाखेनं त्याची चित्रपट्टी काढून घेतली आणि ती ब्राझील, ब्रह्मदेश अशा ठिकाणच्या वर्तमानपत्रांत छापून आणली. ऑर्वेलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं असं म्हणून त्याला सोवळा ठरवू नये. १९४९ मध्ये, आजारपणात, त्यानं याच शाखेला साम्यवादाकडे झुकलेल्या लेखक-पत्रकारांची एक यादी दिली होती. त्या यादीत स्मॉलेटही होता, आणि त्या बाबतीत ऑर्वेलचा अंदाज अचूक ठरला.

अमेरिकेच्या सीआयएनं एक पाऊल पुढे टाकलं. ऑर्वेलची विधवा सोनिया हिच्याकडून चित्रपटाचे हक्क घेण्यात आले. पुढे वॉटरगेट प्रकरणात गाजलेला हॉवर्ड हंट या कामगिरीशी आपला संबंध होता असं सांगत असे. सोनियाला हॉलिवूडचा नट क्लार्क गेबल याची भेट घालून द्यायचं कबूल केलं म्हणून ती राजी झाली, हा किस्साही त्याच्याच तोंडचा. हंटच्या तोंडचे किस्से चवीपुरते घ्यावेत. निर्माता म्हणून पुढे आला लुई द रोशमाँ, ‘मार्च ऑफ टाइम’ या वार्तापटांचा कर्ता. आणि प्रत्यक्ष चित्रं काढण्याचं काम गेलं लंडनला, हॅलास अँड बॅचलर या नवरा-बायकोच्या स्टुडिओकडे. जॉन हॅलास मूळचा बुडापेस्टचा, जॉय बॅचलर वॉटफर्डची. त्यांच्या हातून ब्रिटनमध्ये चित्रपटगृहांसाठी बनलेला पहिला पूर्ण लांबीचा कार्टूनपट तयार झाला. पैसे मुळात कुठून येतात, याची त्या दोघांना कल्पना असल्याचं दिसत नाही.

कार्टूनपट चांगला आहे, हे आधी कबूल करायला हवं. जेमतेम सव्वा तासाचा. सगळ्या जनावरांचे आवाज मॉरिस डेनहॅम या एकाच नटाचे. संगीत मात्याश सायबर याचं, तोही हंगेरियनच. डिस्नेचा तो लाडिक गोडवा इथे जवळपास नाही. रात्रीच्या वादळात एकटाच दगड ओढणारा बॉक्सर घोडा, त्याच्यावर कोसळणारा ढिगारा, मग खाटकाची बंद गाडी येते आणि गाढव बेंजामिन तिच्या मागे धावत सुटतं, हा भाग आजही पाहताना घशाशी आवंढा येतो. कादंबरीत बेंजामिन हा कोरडा, कशावर विश्वास न ठेवणारा प्राणी. पडद्यावर तो बॉक्सरचा जिवाभावाचा सोबती होतो. हे मला पडद्यावर पुस्तकापेक्षा सरस वाटतं.

पण काय काय गाळलं ते पाहा. क्लोव्हर घोडी गेली, म्हणजे जिच्या डोळ्यांनी आपण शेवट पाहतो ती साक्षीदारच गेली. पिल्किंग्टन आणि फ्रेडरिक हे दोन शेजारी ओळखू न येण्याइतके पुसट झाले. फ्रेडरिक म्हणजे हिटलर. नेपोलियन त्याला लाकूड विकतो, तो खोट्या नोटा देऊन फसवतो आणि मग पवनचक्की सुरुंगानं उडवतो. १९३९ च्या स्टालिन-हिटलर कराराचं हे प्रकरण चित्रपटात नाहीच. तिथे पवनचक्की उडवतो तो जुना मालक जोन्स, दारूच्या नशेत, आणि तिच्याबरोबर स्वतःही मरतो. अशानं शेजाऱ्यांचे हात आपोआप धुतले गेले. नेपोलियनचा प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉल, म्हणजे ट्रॉट्स्की, याच्याबद्दलही वरून सूचना होती: तो फार गोड वाटता कामा नये, नाहीतर स्टालिनच्या जागी ट्रॉट्स्की असता तर सगळं ठीक झालं असतं असं प्रेक्षकाला वाटेल.

आणि शेवट. पटकथेचे अनेक खर्डे होत गेले, त्यात तो सरकत सरकत पार दुसरीकडे गेला. पडद्यावर पंगत आहे, पण पानांवर बसलेली सगळी डुकरंच. माणसांना पंगतीतून उठवलं आहे. बेंजामिन खिडकीतून पाहतो तेव्हा डुकरांच्या तोंडात त्याला जोन्सचा चेहरा दिसतो, बस्स. मग तो मागे वळतो. आसपासच्या शेतांवरची जनावरंही आलेली असतात, सगळी मिळून घरावर चाल करतात. नेपोलियन राखणीच्या कुत्र्यांना हाक मारतो, पण ती झिंगून पडली आहेत. भिंती कोसळतात, नेपोलियनच्या तसबिरीच्या काचा फुटतात. संपलं.

हॅलास पुढे अनेकदा या शेवटाची बाजू मांडत राहिला. प्रेक्षक सव्वा तास एवढं सगळं सोसतो, त्याला थोडी आशा देऊन घरी पाठवायला नको का, असा त्याचा युक्तिवाद. वॉशिंग्टनचा हेतू वेगळा होता. पूर्व युरोपातल्या लोकांनी उठावं, हा संदेश त्यांना हवा होता. गंमत अशी की या घाईत त्यांनी स्वतःच्या पैशानं पडद्यावर सरळसरळ एक क्रांती घडवून आणली, तीही सगळ्या शेतांवरच्या सगळ्या जनावरांची एकजुटीची. ऑर्वेलच्या पुस्तकात असं काही नव्हतं. लेनिनला कुठला शेवट जास्त आवडला असता, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

पडद्यावरची ती क्रांती दोन वर्षांत हॅलासच्याच गावी झाली. २३ ऑक्टोबर १९५६ ला बुडापेस्टमध्ये लोकांनी स्टालिनचा पुतळा पाडला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे आले. रेडिओवरून हंगेरियनांना चिथावणी देणाऱ्या अमेरिकेनं बोट उचललं नाही. तिकडे सुवेझच्या भानगडीत इंग्लंड-फ्रान्स गुंतले होते. दिल्लीची अवस्था त्याहून अवघडल्यासारखी. नेहरूंनी निषेध करायला वेळ लावला, आणि हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात या ठरावाच्या विरोधात भारतानं सोव्हिएत गटाबरोबर मत दिलं. जयप्रकाश नारायणांनी यावर नेहरूंना जाहीरपणे धारेवर धरलं.

त्या ठरावावर मत पडत असताना भिलाईत रशियन इंजिनिअर कामाला लागले होते. भारताच्या त्या मताची कारणं कुणी काश्मीरमध्ये शोधतात, कुणी कृष्ण मेनन यांच्या स्वभावात. भिलाई हे एकमेव कारण होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ते टेबलावर नव्हतं असंही म्हणता येणार नाही.

जयप्रकाशांचंही एक सांगायला हवं. मार्च १९५१ मध्ये मुंबईत ‘सांस्कृतिक स्वातंत्र्य परिषद’ भरली होती. दिल्लीत घ्यायला सरकारनं परवानगी नाकारली म्हणून ती मुंबईला आली. ऑडन, स्टीफन स्पेंडर, माद्रियागा अशी मंडळी आली होती. इथले पुढारी मिनू मसानी आणि जयप्रकाश. पुढे त्याच संघटनेच्या आधारानं मुंबईतून ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक निघालं, १९५५ साली, निसिम इझिकेल यांच्या संपादनाखाली. या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पैसा सीआयएचा होता, हे १९६६-६७ साली छापून आलं तेव्हा इथल्या अनेकांना धक्का बसला. ‘ॲनिमल फार्म’च्या कार्टूनपटाचा धनी कोण, हे तर त्याहूनही पुढे, शतक सरताना सविस्तर बाहेर आलं. सोव्हिएत बाजू या खेळात मागे नव्हती. स्वस्त, जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची रशियन पुस्तकं मराठीतून यायची. मॉस्कोत बसून अनिल हवालदार ती मराठीत आणायचे. ज्या मराठी घरांत ती पुस्तकं आली, त्यांतल्या मुलांच्या डोक्यात रशिया म्हणजे बर्फ, अस्वल आणि गोष्टी. भाषांतरं सुरेख असायची, याबद्दल वाद नाही. प्रचार आणि चांगली कला एकाच पाकिटातून येऊ शकतात. हॅलासचा कार्टूनपट आणि ती रशियन पुस्तकं दोन्ही त्याचे दाखले.

भिलाईची पवनचक्की मात्र बांधली गेली. सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजानं, बारा वर्षांत फेडायचं; रूरकेलाला जर्मन कंपन्या आणि दुर्गापूरला ब्रिटिश कंपन्या याच सुमाराला अशाच दहा लाख टनांच्या कारखान्यांवर काम करत होत्या, पण एवढं स्वस्त कर्ज त्यांच्याकडून मिळालं नव्हतं. सोव्हिएत पथकाचा प्रमुख म्हणून व्हेनियामिन दिमशित्स आला. त्यानं उमेदीची वर्षं कुझनेत्स्क आणि माग्नितोगोर्स्कच्या पोलादनगरींच्या उभारणीत घालवली होती. म्हणजे ऑर्वेलनं जिला पवनचक्की म्हटलं, तिच्या मूळ गवंड्यांपैकीच एक जण भिलाईला आला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझनहॉवर दिल्लीत येऊन गेले आणि दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६० मध्ये, ख्रुश्चेव्ह भिलाई पाहायला आले. गहू अमेरिकेचा, पोलाद रशियाचं. बोकारोच्या पोलाद कारखान्यासाठी भारत आधी अमेरिकेकडे गेला, तिथे बात जमली नाही तेव्हा रशियाकडे. दोन्ही पंगतींना बसण्याची ही कसरत ऑर्वेलनं कल्पिली नव्हती. त्याच्या गोष्टीत भारतासारखं जनावर नाही.

आणि भिलाईच्या पवनचक्कीतून पीठ निघालं हे नाकारता येत नाही. कादंबरीत चक्की अखेर उभी राहते खरी, पण वीज कधी तयार होत नाही. धान्य दळून फायदा मिळवायला ती वापरतात. भिलाईतून रेल्वेचे रूळ निघाले, देशभर गेले. सेक्टरमागून सेक्टर वसले, सरळ रस्ते, शाळा, सेक्टर नऊचं मोठं इस्पितळ. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसं आली, मराठीही आली. कारखान्याच्या पक्क्या नोकरीतला कामगार मुलाला इंजिनिअर करू शकला. आणि मैत्री बाग नावाची एक बाग झाली, भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून. त्यात प्राणिसंग्रहालय आहे, पांढरे वाघ आहेत. ऑर्वेलला हे सांगितलं असतं तर मिशीत हसला असता.

पण पवनचक्कीखाली दगड वाहणारेही होते. कारखान्यासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या तिथल्या लोकांनी सुरुवातीला भट्टीकडे जायला टाळाटाळ केली. जोनाथन पॅरी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञानं भिलाईत वर्षानुवर्षं राहून जे टिपलं, त्यात एक अफवा आहे: एवढ्या मोठ्या भट्ट्या बळी दिल्याशिवाय पेटत नाहीत, तेव्हा पोरं सांभाळा. पुढे पॅरीनं दाखवलं की भिलाईत कामगारांचे दोन वर्ग झाले. एक कायम नोकरीचा, क्वार्टर, इस्पितळ, निवृत्तीचे पैसे असलेला. दुसरा ठेक्यावरचा, त्याच कारखान्याच्या आवारात तीच धूळ खाणारा, पण यातलं काहीच न मिळणारा. बॉक्सर कुठल्या वर्गात मोडतो हे सांगायला नको.

भिलाईचं लोहखनिज कित्येक वर्षं आलं ते दल्ली-राजहराच्या खाणींतून. तिथल्या ठेका कामगारांची संघटना १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांनी बांधली. नियोगी आधी भिलाईतच, कोक ओव्हन विभागात कामाला होते. कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून तिथे शहीद रुग्णालय उभं केलं, १९८३ मध्ये. आणि एका बाबतीत या कामगारांनी ऑर्वेलच्या गोष्टीला चक्क उलटं केलं. स्नोबॉल सांगतो की यंत्र आलं की राबणं कमी होईल. दल्लीच्या कामगाराला ठाऊक होतं की यंत्र आलं की राबणं संपेल आणि मजुरीही संपेल. म्हणून खाणी पूर्ण यांत्रिक करण्याला नियोगींनी विरोध केला आणि त्याऐवजी अर्धं यंत्र, अर्धी माणसं असा पर्याय पुढे केला. ऑर्वेलच्या जनावरांसमोर असा पर्याय कुणी ठेवला नाही, कारण त्याच्या गोष्टीत यंत्राबद्दल वाद घालणारी फक्त डुकरं आहेत.

२८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत नियोगींना झोपेतच गोळी घालून मारण्यात आलं. पुढच्या वर्षी, १ जुलैला, भिलाई पॉवर हाउस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात कितीतरी जण मेले. या दोन तारखांच्या मधल्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला.

त्या विसर्जनानंतर ‘ॲनिमल फार्म’वर आणखी एक चित्रपट निघाला, १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीसाठी, खऱ्याखुऱ्या प्राण्यांचा आणि यांत्रिक बाहुल्यांचा. शेवट पुन्हा बदलला. यात बंड नाही. नेपोलियनची राजवट आपोआप कोसळते, आणि काही काळानं मोटारीतून एक हसरं कुटुंब शेतावर येतं: नवे मालक. पंगतीतून उठवलेली माणसं पंचेचाळीस वर्षांनी परत आली ती अशी, निष्पाप आणि चांगले कपडे घालून. ते कुटुंब कसं निघेल, हे चित्रपट विचारत नाही.

दल्ली-राजहरात मालक बदलण्याचा अनुभव आधीच घेऊन झाला होता. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी लादणारं सरकार लोकांनी मतपेटीतून घालवलं, दिल्लीत नवं सरकार आलं, आणि ते आलं म्हणून लोकांनी पेढे वाटले. मध्यप्रदेशात जूनच्या सुरुवातीला राष्ट्रपती राजवट होती, म्हणजे राज्याचा कारभारही दिल्लीच्याच हाती. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला दल्लीच्या ठेका कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अकरा जण ठार झाले. शहीद रुग्णालयाचं नाव त्यांच्यावरून आहे.